सिकलसेल आणि ऑपरेशन: बऱ्या दिवसाचं रक्त वहीत लिहून ठेवा

रानफूल_चंद्रपूर

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा रक्ताचा आजार. तो २४ वर्षांचा आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला त्याचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं आणि चौथ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी आला. याआधीच्या ऑपरेशनने आमच्या घराचा जीव टांगणीला लावला होता, म्हणून दोन्ही वेळची गोष्ट सविस्तर लिहिते. कुणाच्या तरी कामी येईल.

२०२१च्या पावसाळ्यात त्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं. दोन दिवस उलट्या, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. एका खासगी दवाखान्यात नेलं. रात्री रक्त काढलं, हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवून आम्हाला धीर दिला की सिकलसेलच्या मानाने ९.२ म्हणजे छानच आहे, रक्ताची गरज नाही, पहाटे घेऊ. आम्हीही हायसं झालो. आई तर म्हणाली, बरं झालं, बाटली लावायची वेळ आली नाही.

माझ्या भावाचं हिमोग्लोबिन चांगल्या दिवसात ७.८ असतं. वर्षानुवर्षं तेवढंच. मग दोन दिवस उपाशी, तापात असलेल्या पोराचं रक्त एकदम ९.२ कसं झालं? हा प्रश्न तेव्हा मलाही पडला नाही, दवाखान्यातही कुणाला पडला नाही. डाळ आटली की घट्ट होते, म्हणून काही डाळ वाढत नाही. त्याच्या अंगातलं पाणी आटलं होतं. तो आकडा त्याच्या ताकदीचा नव्हता, कोरड पडल्याचा होता. सलाईन जेमतेम एक लागलं आणि तशाच अंगाने तो टेबलावर गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी छातीत दुखायला लागलं. ताप, धाप, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८६. प्लेटलेट ३ लाख ४० हजारांवरून दीड लाखावर आल्या होत्या. त्या कमी होतायत हे आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्येच दिसत होतं, पण आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसत होता, त्यामुळे त्याखाली कुणी रेघ ओढली नाही. अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमध्ये फुप्फुसावर येणारं जीवघेणं संकट, हे नाव मी पहिल्यांदा नागपूरला अतिदक्षता विभागाच्या दारात ऐकलं. तिथे त्याचं रक्त बदललं, म्हणजे एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून दात्याचं द्यायचं. सहा दिवसांनी तो डोळे उघडून नीट बोलला.

त्यानंतर मी एक वही केली. शाळेची दोनशे पानी. दर तीन महिन्यांनी, त्याला काहीही होत नसताना, तपासणी करायची आणि आकडे लिहायचे. वरती लिहायचं: ‘आज बरा आहे. दुखणं नाही. ताप नाही.’ चार वर्षांत त्या पानांवरून त्याचं स्वतःचं माप तयार झालं. हिमोग्लोबिन ७.८च्या आसपास, पांढऱ्या पेशी १२ हजार, प्लेटलेट साडेतीन लाख, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) ९ टक्के, एलडीएच ५२०, एकूण बिलिरुबिन ३.४ आणि त्यातलं डायरेक्ट फक्त ०.५, क्रिएटिनिन ०.५. एचपीएलसीमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत, एस (विळ्याचं) ७८ टक्के, एफ (गर्भातलं) १७.

यंदा पित्ताशयात खडे निघाले. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं, त्याचेच काळे खडे होतात. पोट दुखून भरती झाला तेव्हा बिलिरुबिन ६.१ आलं. सिकलसेलमध्ये कावीळ असायचीच, म्हणून सहज सोडून दिलं असतं. पण वही उघडून बघितली तर डायरेक्ट ०.५चं २.९ झालेलं. पेशी फुटून वाढतं ते इनडायरेक्ट. डायरेक्ट वाढलं म्हणजे पित्तनळीत काहीतरी अडकलंय. सर्जननी ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकललं, एमआरसीपी (पित्तनळीचा स्कॅन) केली, नळीत खरंच खडा होता. तो आधी एंडोस्कोपीने काढला, मग पित्ताशय. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या, हिमोग्लोबिन ९.८ झालं, एस ७८वरून ६२वर आलं.

तेव्हाचे ९.२ आणि आत्ताचे ९.८, कागदावर जवळजवळ सारखेच. पहिल्यात सगळं रक्त विळ्याच्या पेशींचं होतं, दुसऱ्यात पाचवा हिस्सा दात्याच्या निरोगी पेशींचा.

तुमच्याकडे अशी वही आहे का? ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या केल्या, त्यातून काय कळलं, सगळ्यांनी लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही.


पोरीची_माय_पांढरकवडा

ताई, तुमचं वाचून डोयात पानी आलं. माही पोरगी सात वर्साची हाय, एसएस. तिची पानथरी लय वाढली, बेंबीपर्यंत हाताले लागते. दोनदा रक्त एकदम कमी झालं, भरती करा लागलं. आता डॉक्टर म्हनते पानथरी काढून टाका लागन. तिचं एचबी ६ रायते, पांढऱ्या पेशी ५ हजार, प्लेटलेट ९० हजार. तुम्ही म्हनता पांढऱ्या पेशी बारा हजार, मंग माह्या पोरीच्या कमी हाय हे चांगलं का वाईट? मले काई समजून नाही रायलं. कोनी सांगजा.


काचपट्टी

ताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर नीट देतील, पण एवढं सांगतो: तिच्या पेशी कमी तयार होत नाहीयेत, मोठ्या झालेल्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकून पडतायत. तिचं माप वेगळं आहे. ९० हजार प्लेटलेट पाहून घाबरू नका, पण वहीत लिहून ठेवा.

मी १९ वर्षं लॅब टेक्निशियन आहे, त्यातली बरीचशी विदर्भातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी. रानफूल ताईंनी वहीचं लिहिलंय ते सोळा आणे खरं. फक्त वहीत जाणारा आकडा खरा असला पाहिजे, आणि तो कुठे कुठे खोटा ठरतो ते मी रोज बघतो.

पहिली पांढऱ्या पेशींची गोष्ट. सिकलसेलमध्ये अस्थिमज्जा घाईघाईने तांबड्या पेशी बाहेर ढकलते, त्यातल्या काही कोवळ्या, केंद्रक असलेल्या असतात. साध्या यंत्राला ते केंद्रक दिसतं आणि ते त्या पेशीला पांढरी समजून मोजतं. काचपट्टीवर रंग देऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. समजा यंत्राने १८,००० सांगितलं आणि पट्टीवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २० कोवळ्या तांबड्या पेशी दिसल्या, तर खरा आकडा १८,००० गुणिले १००, भागिले १२०, म्हणजे १५,०००. तीन हजारांचा फरक. तेवढ्यावरून कुणी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू करतं, कुणी ऑपरेशन रद्द करतं. रिपोर्टवर ‘करेक्टेड’ लिहिलंय का बघा. नसेल तर लॅबमध्ये विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

दुसरं एलडीएच. पेशी किती फुटतायत हे सांगणारी ही स्वस्तातली तपासणी. पण पेशी नसेत फुटल्या की नळीत फुटल्या, हे एलडीएचला कळत नाही. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला, बारीक सुई लावून सिरिंज जोरात ओढली, नळीत रक्त दाबून सोडलं, किंवा नमुना डब्यात घालून मोटरसायकलवर चाळीस किलोमीटर खडखडत आणला, की एलडीएच ९००, पोटॅशियमही वाढलेलं. वरचं सीरम गुलाबी-लाल दिसलं की आम्ही ‘हिमोलाइज्ड’ शेरा मारतो. तो शेरा असेल तर तो आकडा वहीत लिहूच नका. पुन्हा रक्त द्या.

तिसरं, एचपीएलसी कायम रक्त चढवण्याआधी काढून ठेवायची. पिशवी लागल्यावर दात्याचं ‘ए’ हिमोग्लोबिन मिसळतं आणि तीन-एक महिने रुग्णाचा मूळ पॅटर्न झाकलेला राहतो. एका मुलाचा रिपोर्ट एएससारखा, म्हणजे नुसत्या वाहकासारखा, दिसत होता, घरचे खूश होते. मी विचारलं, रक्त कधी दिलं होतं? वीस दिवसांपूर्वी, म्हणाले.

आणि इन्फेक्शन ओळखायला ईएसआरवर विसंबू नका. तिरप्या-वाकड्या पेशी एकमेकींवर नाण्यांसारख्या रचल्या जात नाहीत, त्यामुळे इन्फेक्शन असतानाही ईएसआर कमीच राहतो. त्यापेक्षा सीआरपी बरी.


भूलतज्ज्ञ_विदर्भ

रानफूल, तुमच्या भावाची पहिली केस वाचून मन हळहळलं. अपेंडिक्स थांबवता येत नाही, ऑपरेशन करावंच लागलं असतं. पण टेबलावर घेण्याआधी चार-सहा तास सलाईन देऊन पुन्हा हिमोग्लोबिन पाहिलं असतं, तर खरा आकडा समोर आला असता.

आमच्या बाजूने सांगतो. विळ्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन कमी झाला, पाणी आटलं, रक्त आम्लधर्मी झालं की पेशीच्या आत धाग्यांसारखं गोठतं, आणि अंग गार पडलं की रक्तवाहिन्या आकसून रक्त रेंगाळतं. ऑपरेशनमध्ये या चारही गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत घडू शकतात. म्हणून आधीचं रक्त बघायचं ते एवढ्यासाठी, की या माणसाला किती सहन होईल आणि त्याला आपण आधी काय देऊ शकतो.

रक्त चढवायचं की नाही यावर दोन मोठे अभ्यास आम्ही कायम डोळ्यांसमोर ठेवतो. पहिला १९९५चा, अमेरिकेतला, सहाशेवर ऑपरेशनं. अर्ध्यांना रक्त बदलून एस ३० टक्क्यांखाली आणलं, अर्ध्यांना साधं रक्त देऊन हिमोग्लोबिन १०पर्यंत नेलं. चेस्ट सिंड्रोम दोन्हीकडे १० टक्के. उलट जास्त रक्त दिलेल्या गटात रक्तामुळे होणारे त्रास दुप्पट, १४ टक्के विरुद्ध ७. म्हणजे जास्त रक्त म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही.

दुसरा टॅप्स नावाचा, २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६७ रुग्ण, मध्यम किंवा हलक्या जोखमीची ऑपरेशनं. आधी रक्त न दिलेल्यांत ३९ टक्क्यांना त्रास झाला, दिलेल्यांत १५. गंभीर घटना ११, त्यातल्या १० रक्त न दिलेल्या गटात. त्या ११पैकी १० चेस्ट सिंड्रोमच्या. फरक इतका ठळक दिसला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. रानफूल, तुमच्या कामाची गोष्ट यात आहे. त्या अभ्यासात हिमोग्लोबिन ९च्या खाली असेल तर नुसतं रक्त देऊन १०वर न्यायचे. पण ९ किंवा जास्त असेल तर थोडं काढून थोडं द्यायचे, म्हणजे एस ६० टक्क्यांखाली येतो. ९च्या वर आहे म्हणून सोडून द्यायचे नाहीत. २०२०च्या अमेरिकन रक्तविकार संघटनेच्या सूचनाही तासाभराहून मोठ्या, पूर्ण भूल लागणाऱ्या ऑपरेशनला आधी रक्ताचा विचार करा आणि हिमोग्लोबिन ९च्या वर ठेवा असंच सांगतात. मात्र ११-१२च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन नवंच संकट.

ही माणसं आपल्याकडची नव्हती, हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्याकडे जो जनुकीय प्रकार आहे, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, १५-२० टक्के सर्रास दिसतं. एफ त्या धाग्यांना आडवं येतं, म्हणून त्याचं प्रमाण जितकं जास्त तितकं चांगलं. १९९४ साली अमेरिकेतल्या एकाच मोठ्या पाहणीवरच्या दोन शोधनिबंधांत दिसलं की कमी एफ आणि कायम चढलेल्या पांढऱ्या पेशी असणाऱ्यांना चेस्ट सिंड्रोम जास्त होतो, मृत्यूही लवकर येतो. पण एफ १७ आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही. रानफूल ताईंच्या भावाचं १७च होतं, आणि तरीही तो त्या दारात पोहोचला. विदर्भातला सिकलसेल सौम्य असतो ही समजूत मी माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्या महिन्यात सोडायला लावतो.

एक दुर्लक्षित आकडा: क्रिएटिनिन. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड लहानपणापासून जास्त गाळतं, त्यामुळे आकडा ०.४-०.५ असतो. ऑपरेशननंतर ०.९ आला तर लॅबच्या कागदावर तो ‘नॉर्मल’. या माणसासाठी तो जवळजवळ दुप्पट आहे. अशा वेळी वेदनेसाठी डायक्लोफिनॅक देत राहणं म्हणजे मूत्रपिंडावर घाव घालणं.

आणि रेटिक्युलोसाइट. हिमोग्लोबिन घसरतंय आणि रेटिकही १ टक्क्याखाली गेलंय, तर मज्जा बंद पडलीय, बहुधा पार्वो विषाणूमुळे. ठरवून करायचं ऑपरेशन तेव्हा करायचंच नाही, थांबायचं.

पांढरकवड्याच्या ताई, तुमच्या मुलीच्या कमी पेशी पानथरीमुळे आहेत, काचपट्टी यांनी बरोबर सांगितलं. तिचं ६ हेच तिचं माप. रक्त द्यायचं तर थोडं थोडं, कारण पानथरीत अडकलेलं रक्तही मागाहून सुटतं. आणि न्यूमोकोकसची लस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी झाली पाहिजे. हे आजच विचारा.


सातपुडा_शिक्षक

मी धडगाव भागात शिकवतो. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. एचपीएलसी, एलडीएच, सीआरपी, दर तीन महिन्यांनी. आमच्या पाड्यावरून ग्रामीण रुग्णालय गाठायला अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळी. शाळेत २०२३च्या सिकलसेल निर्मूलन मिशननंतर तपासणी झाली, पोरांना कार्डं मिळाली. कार्डावर लिहिलंय एसएस किंवा एएस. तेवढंच.

त्या दोन अक्षरांतला फरकही सगळ्यांना कळत नाही. माझ्या बायकोचं सिझेरियन ठरलं होतं. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि ‘सिकल आहे, इथे जमणार नाही’ म्हणून नाक्यावरच्या दवाखान्याने रात्री अकराला नंदुरबारला पाठवलं. रस्त्यात दोन तास तिच्या कळा. तिथे एचपीएलसी झाली, ती एएस निघाली, एस ३६ टक्के. नुसती वाहक. काहीही जास्तीचं करावं लागलं नाही. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. पण ती रात्र विसरता येत नाही.

तर कमीत कमी काय करायचं, ते सांगा.


भूलतज्ज्ञ_विदर्भ

गुरुजी, तुमच्या पत्नीला सोसावं लागलेलं टाळता आलं असतं. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे. एएसलाही गढूळ, एसएसलाही गढूळ. तिच्यावरून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचाच नसतो. वाहकाला आधी रक्त द्यावं लागत नाही. भूल देणाऱ्याला सांगून ठेवावं, अंग गार पडू देऊ नये, पाणी कमी पडू देऊ नये, एवढं पुरे.

एसएसच्या माणसाला कमीत कमी काय, तर वर्षातून दोनदा, बरा असताना, साधा सीबीसी (पेशींची मोजणी) आणि बिलिरुबिनचे दोन्ही भाग. एचपीएलसी आयुष्यात एकदा नीट झाली की मूळ पॅटर्न कळतो, तो कागद जपून ठेवायचा.


काचपट्टी

गुरुजी, रेटिक ग्रामीण रुग्णालयातही होते. न्यू मिथिलीन ब्लूचे दोन थेंब, तेवढंच रक्त, पंधरा मिनिटं ठेवायचं आणि पट्टी ओढायची. मोठं यंत्र लागत नाही, मोजायला बसणारा माणूस लागतो. मिशनच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने लिहा: बऱ्या दिवसाचं एचबी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तारीख. शाळेतल्या एसएस पोरांचं तुम्ही स्वतः लिहून दिलंत तरी मोठं काम होईल.


टेम्सकाठची_सिस्टर

मी मूळची वर्ध्याची, लंडनमध्ये सिकलसेलच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक नायजेरिया, घाना, कॅरिबियनची मुळं असलेले. इथे ऑपरेशनआधी सगळ्यांत जास्त भांडावं लागतं ते एका तपासणीसाठी, आणि या धाग्यावर अजून कुणी तिचं नाव घेतलं नाही: अँटिबॉडी स्क्रीन.

वारंवार रक्त घेतलेल्या माणसाच्या शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. काही महिन्यांनी त्या इतक्या कमी होतात की क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त जुळवून बघताना, दिसतही नाहीत. मग पुन्हा तसंच रक्त दिलं की शरीराला जुनी ओळख पटते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी दात्याच्या पेशी फुटायला लागतात. ऑपरेशन छान झालं, घरी गेले, टाके काढले, आणि दहाव्या दिवशी ताप, पाठ-कंबर दुखणं, लघवी काळ्या चहासारखी. हिमोग्लोबिन रक्त देण्याआधी होतं त्याच्याही खाली. घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही वाटतं नेहमीची क्रायसिस (सिकलसेलचं अचानक उठणारं दुखणं), आणि आणखी रक्त लावलं जातं. त्याने आगीत तेल पडतं.

म्हणून इथे एबीओ आणि आरएच डी जुळवून थांबत नाहीत, आरएचचे सी आणि ई आणि केल हे गटही जुळवतात. भारतात सगळीकडे हे मिळणार नाही, पण दोन गोष्टी कुणीही करू शकतं. वहीत प्रत्येक पिशवीची तारीख, रक्तपेढी आणि काही त्रास झाला का ते लिहायचं. आणि ऑपरेशननंतर नवव्या-दहाव्या दिवशी, बरं वाटत असलं तरी, एक सीबीसी.

आणखी एक, जे रक्तात दिसत नाही. १९९५ साली छोटासा अभ्यास झाला होता, छातीत किंवा पाठीच्या वरच्या भागात दुखत असलेल्या सिकलसेलच्या रुग्णांचा. जागेपणी दर दोन तासांनी दहा दीर्घ श्वास, स्पायरोमीटरने. ते केलेल्या १९ भरत्यांपैकी एकीत फुप्फुसाचा त्रास झाला, न केलेल्या १९ भरत्यांपैकी आठांमध्ये. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र. माझ्या वॉर्डात मी ते रुग्णाच्या पलंगाच्या दांडीला दोरीने बांधते, म्हणजे कपाटात जात नाही.


रानफूल_चंद्रपूर

सिस्टर, दहाव्या दिवसाचा सीबीसी आम्ही केला. ९.४ आलं. तुमचं वाचल्यावर कळलं की तो कशासाठी सांगितला होता. आम्हाला कुणी कारण सांगितलं नव्हतं, फक्त तारीख लिहून दिली होती.


संगणक_पुणे

मी या क्षेत्रातला नाही, पण माझा मित्र एसएस आहे आणि त्याचा खुबा बदलायचाय. मांडीच्या हाडाचं डोकं रक्त न पोहोचल्याने मेलंय. एवढ्या तपासण्यांऐवजी धोका सांगणारी एकच खूण संशोधकांना सापडली नाही का?


भूलतज्ज्ञ_विदर्भ

शोध चालू आहे, आणि एकदा वाटलं होतं सापडली. फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं विकर चेस्ट सिंड्रोमच्या आधी रक्तात वाढतं, हे नव्वदच्या दशकात दिसलं. छातीत काही होण्याआधी, एखादा दिवस आधी. मग पुढचा अभ्यास झाला, ते वाढलेलं दिसताच रक्त द्यायचं म्हणून. त्यात कळलं की ज्यांचं वाढतं त्यांच्यातल्या बहुतेकांना चेस्ट सिंड्रोम होतच नाही. अशा खुणेवर भरवसा ठेवला तर कित्येकांना विनाकारण रक्त चढवावं लागेल, आणि सिस्टरनी लिहिलंय ते संकट ओढवेल.

तुमच्या मित्रासाठी मात्र एक तपासणी सुचवेन. एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण आला की वाढतं. सिकलसेलमध्ये १६०च्या वर असणं फुप्फुसातल्या रक्तदाबाशी आणि मृत्यूच्या धोक्याशी जोडलेलं आढळलंय. निरोगी माणसासाठी तो आकडा क्षुल्लक वाटेल, त्यामुळे ‘सिकलसेल आहे’ हे सांगूनच विचारा. जास्त आला तर खुब्याच्या आधी टूडी इको झालाच पाहिजे. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त बरंच जातं, हाडात सिमेंट भरताना फुप्फुसांवर झटका बसू शकतो, हृदयाची उजवी बाजू आधीच थकलेली असेल तर आम्हाला ते माहीत असावं लागतं. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली नाहीत एवढं पाहतात आणि गोळी चालूच ठेवतात.

पण हे सगळं झाल्यावरही मी भूल द्यायच्या आदल्या संध्याकाळी पलंगापाशी जाऊन एकच विचारतो: एरवी तुझं किती असतं? दहातल्या आठ जणांना सांगता येत नाही. मग मी अंदाजाने काम करतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही.


पोरीची_माय_पांढरकवडा

सगळ्यायले नमस्कार. पंधरा दिवसांनं लिहून रायली. पोरीले लस देल्ली, दोन्ही मांडीत. आता महिन्यानंतरची तारीख हाय. मी तिच्यासाठी वही आनली, वर तिनंच आपलं नाव लिवलं, पेन्सिलीनं. पहिल्या पानावर एचबी ६.१, पांढऱ्या पेशी ५२००, प्लेटलेट ९२ हजार, बिलिरुबिन २.८, डायरेक्ट ०.४. लॅबवाल्या दादाले म्या विचारलं करेक्टेड हाय का. तो माह्याकडं पाहतच रायला, मंग पट्टी घेतली अन् पाहून सांगतलं, हाय म्हने.

रक्तपेढीत अँटिबॉडीचं विचारलं, त्यायनं नागपूरले नमुना पाठवला. रिपोर्ट परवा येते.

सिस्टर, ते तीन चेंडूवालं तिच्यानं होत नाही, एकच चेंडू वर जाते अन् रडते. लहान लेकरायले दुसरं काई हाय का?


टेम्सकाठची_सिस्टर

आहे ना ताई. साबणाच्या पाण्याचे फुगे. जत्रेत मिळते ती बाटली आणा, किंवा घरीच वाटीत साबणाचं पाणी आणि पपईच्या पानाच्या देठाची नळी. ऑपरेशनच्या आधीपासूनच रोज सवय लावा: आधी खोल श्वास आत, मग हळूहळू मोठा फुगा. जागी असेल तेव्हा दर दोन तासांनी दहा फुगे. नंतर पोटाला टाके असतील तेव्हा उशी पोटाशी धरून करायला सांगा.

आणि पानथरी काढल्यावर तिचे आकडे बदलतील. प्लेटलेट पाच-सहा लाखांवर जातील, पांढऱ्या पेशीही वाढतील. घाबरू नका. तीन महिन्यांनी, ती खेळत-पळत असेल अशा एखाद्या दिवशी, रक्त द्या आणि वहीत नवं पान सुरू करा. जुनं पान फाडू नका.


पोरीची_माय_पांढरकवडा

आमच्या आंगनात पपई हाय. आत्ताच देठ तोडून देल्ला. सात फुगे केले तिनं.